झी ऐन : पांढऱ्या डोंगरावरची दगडी घरे

सौदीतले जुने घर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना रियाधजवळच्या दिरियाची मातीची घरे आठवतात. पण नैऋत्येकडे, सरवात पर्वतात, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दगडात बांधले. आसीरमधले रिजाल अल्मा आणि बाहा प्रांतातले झी ऐन ही त्यातली दोन गाजलेली गावे. दोन्ही २०१५ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. आम्ही इथे झी ऐनबद्दल लिहीत आहोत.

बाहा शहरातून अल-मखवाहकडे जाणारा रस्ता बोगद्यांमधून खाली उतरतो. त्याच रस्त्यावर, पांढऱ्या दगडाच्या एका टेकाडावर हे गाव आहे. वय साधारण चारशे वर्षे सांगतात. 'झी ऐन' म्हणजे झरा असलेले. हा बारमाही झरा खालच्या केळीच्या बागांना पाणी देतो. बागेत रेहान आणि 'कादी'ही असते. कादी म्हणजे चक्क आपला केवडा!

आता बांधकाम. आमचे शिक्षण इंजिनीअरिंगचे आणि पोट संगणकावर, त्यामुळे हा भाग जरा लांबेल. दगडी भिंती ७० ते ९० सें.मी. जाड असून सगळा भार त्याच पेलतात. छताला सिदर, म्हणजे बोरीच्या जातीच्या झाडाची लाकडे, त्यावर पातळ दगडी फरश्या, वर माती. सोलापूर-मराठवाड्याकडच्या मंडळींना आपले माळवद आठवेल. खोली किती रुंद हे लाकडाच्या लांबीवर ठरते. मोठी खोली हवी असेल तर मध्ये एक भक्कम खांब, त्याला 'झाफिर' म्हणतात. खिडक्या लहान, वर पांढऱ्या गारगोटीची त्रिकोणी नक्षी. घरे एक ते चार मजली. या भागात सहसा खाली गुरे व धान्य आणि वर माणसे अशी व्यवस्था असे. घरे टेकडीवर का? एक तर संरक्षणासाठी, आणि दुसरे, आम्हाला जास्त पटणारे कारण म्हणजे पाण्याजवळची सपाट जमीन शेतीला मोकळी राहते.

अशा घरांचा कच्चा दुवा भिंत नव्हे, छत. मातीचा थर वेळोवेळी दुरुस्त करावा लागतो. नवी घरे आली, माणसे निघून गेली की पाऊस आत शिरतो, लाकूड कुजते, छत बसते आणि मग आधार गेलेली भिंतही फुटते. गावाकडे कुलूप लावलेल्या वाड्यांचे हेच होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. झी ऐनमध्ये सरकारने पुष्कळ डागडुजी केली आहे, तरी वरच्या बाजूची काही घरे पडकी दिसतात. मूळ बांधणी समजून घ्यायची तर तीच नीट पाहावीत, तुटलेल्या छतातून सगळे थर दिसतात. अर्थात बाहेरूनच.

जायचे तर हिवाळ्यात जा. बाहा थंड हवेचे, पण हे गाव घाटाखाली असल्याने उन्हाळ्यात चांगलेच तापते. पायऱ्या खडबडीत आहेत, चपला नकोत, बूट घाला.