जुनी मोटार : दुरुस्त करावी की बदलावी?

बारा-तेरा वर्षे इमानेइतबारे सेवा दिलेली मोटार सकाळी गॅरेजमध्ये जाते आणि संध्याकाळी मेकॅनिकचा दूरध्वनी येतो. क्लच गेला आहे, पुढचे सस्पेन्शन खोलावे लागेल, रेडिएटरही गळतो आहे. सगळे मिळून ४५ हजार रुपये होतील. गाडी विकायला काढली, तर लाख-सव्वा लाखाच्या वर कोणी देणार नाही, हेही ठाऊक असते. मग घरात दोन तट पडतात. एक पक्ष ‘जुने ते सोने’ म्हणतो, तर दुसरा ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ असे बजावतो.

बहुतेक घरांत हा निर्णय दुरुस्तीचे बिल आणि गाडीची बाजारातील किंमत यांची तुलना करून घेतला जातो. ही तुलनाच मुळात अपुरी आहे. दुरुस्ती नाकारली, तरी घराला मोटारीची गरज असतेच. त्यामुळे बिल ताडून पाहायचे ते जुन्या गाडीच्या किमतीशी नव्हे, तर तिच्या जागी दुसरी गाडी आणण्याच्या खर्चाशी.

हिशेब एका वर्षाचा

समजा, नवी छोटी मोटार रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख रुपयांना पडते. दोन लाख रोख भरून उरलेल्या सहा लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये बसतो. पहिल्या वर्षी भरलेल्या जवळपास दीड लाख रुपयांपैकी ५० हजारांच्या आसपास रक्कम निव्वळ व्याजाची असते. त्याच वर्षात गाडीची किंमतही उतरते. विम्यासाठी मोटारीची किंमत ठरविताना जे कोष्टक वापरले जाते, त्यात सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीसाठी १५ टक्के आणि एक ते दोन वर्षांच्या गाडीसाठी २० टक्के घसारा धरला जातो. ढोबळमानाने आठ लाखांवर १५ टक्के घट धरली, तर ती १ लाख २० हजार रुपये होते. म्हणजे व्याज आणि घट मिळून पहिल्या वर्षाचा खर्च १ लाख ७० हजारांवर जातो. नव्या गाडीचा महागडा विमा त्यात धरलेला नाही.

आता जुन्या गाडीकडे वळू. ४५ हजारांची दुरुस्ती, वर्षभरात निघणारी आणखी २५ हजारांची कामे आणि किमतीतील १५ हजारांची घट धरली, तरी बेरीज ८५ हजारांच्या पुढे जात नाही. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे वाटणारे बिल अशा रीतीने परवडणारे ठरते.

‘नवी गाडी अॅव्हरेज चांगला देते’ हा युक्तिवादही आकड्यांवर तपासून घ्यावा. वर्षाला १० हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरमागे १४ ऐवजी १८ किलोमीटर देऊ लागली, तर सुमारे १५८ लिटर इंधन वाचते. लिटरला १०० रुपये धरले, तर ही बचत १६ हजारांच्या आतच राहते. रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे असेल.

हा हिशेब एकदा मांडून विसरण्याचा नाही. नव्या गाडीचा वार्षिक खर्च वर्षागणिक उतरतो, जुनीचा चढत जातो. वर्षभरात दोन मोठी कामे निघाली आणि तिसरे डोकावू लागले, की पारडे फिरले असे समजावे.

किलोमीटरचा आकडा पुरेसा नाही

मीटरवर दीड लाख दिसताच गाडी ‘संपली’ असे मानण्याचे कारण नाही. महामार्गावर धावलेले दीड लाख किलोमीटर आणि शहराच्या कोंडीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत काढलेले ८० हजार किलोमीटर यांत फरक आहे. कोंडीत क्लच, ब्रेक आणि कूलिंगच्या यंत्रणेवर अधिक ताण येतो. वेळच्या वेळी ऑइल बदलल्याच्या नोंदी असतील, तर मीटरच्या आकड्यापेक्षा त्या नोंदींवर अधिक विश्वास ठेवावा.

महत्त्वाचा प्रश्न आहे तो दुखण्याच्या प्रकाराचा. क्लच प्लेट, बॅटरी, टायर, शॉक अॅब्सॉर्बर, रेडिएटर, अल्टरनेटर हे भाग झिजण्यासाठीच असतात. ते एकदा बदलले, की पुढची काही वर्षे निश्चिंती मिळते. मात्र सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, तर इंजिनात ऑइल जळत असल्याची शक्यता असते. गरम इंजिनातूनही दाट पांढरा धूर येणे आणि कूलंट वारंवार कमी होणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी इंजिन खोलण्यापूर्वी कॉम्प्रेशनची चाचणी करून घ्यावी. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो, तेथे तो कंपनीने सांगितलेल्या अंतरावर बदलणे आवश्यक आहे. अनेक इंजिनांत हा बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह वाकतात आणि किरकोळ काम मोठ्या खर्चाचे होऊन बसते.

सुट्या भागांचाही विचार करावा. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली, तर फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा गाड्यांच्या मालकांनी मोठे काम काढण्यापूर्वी लागणारा भाग प्रत्यक्ष मिळतो का आणि किती दिवसांत, याची खात्री करून घ्यावी.

येथे हिशेब थांबतो

काही बाबतींत मात्र पैशाचे गणित बाजूला ठेवावे लागते. मुंबई आणि कोकणातील खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गाडीच्या तळाला गंज चढतो. दरवाजाखालचा पत्रा, फ्लोअर आणि सस्पेन्शन जेथे सांगाड्याला जोडलेले असते त्या जागा गंजून पोकळ झाल्या असतील, तर वरून केलेले डेंटिंग-पेंटिंग ही निव्वळ रंगसफेदी ठरते. गाडी लिफ्टवर चढवून खालची बाजू स्वतः पाहिल्याशिवाय मोठ्या दुरुस्तीला होकार देऊ नये.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. मोटारींतील एबीएस ब्रेक नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, तर शेजारच्या आसनाची एअरबॅग नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झाली. समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीचे निकषही ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. त्याआधीच्या, विशेषतः स्वस्त श्रेणीतील अनेक गाड्यांत यांपैकी काहीच नसते. इंजिन नवे करता येते. सांगाड्याची मूळ ताकद गॅरेजमध्ये वाढविता येत नाही. ज्या गाडीतून मुले रोज द्रुतगती महामार्गावरून प्रवास करतात आणि जी गाडी आठवड्यातून दोनदा भाजी मंडईपर्यंत जाते, त्या दोहोंना एकच उत्तर लागू पडणार नाही.

पंधरा वर्षांची रेषा

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर आरटीओकडे गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. दिल्ली परिसरातील १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांच्या बातम्यांमुळे अनेकांचा गैरसमज होतो. महाराष्ट्रात खासगी मोटारीला केवळ वयामुळे रस्त्यावरून हटविण्याची अशी सरसकट तरतूद नाही. मुंबईतील टॅक्सींना मात्र २० वर्षांची मर्यादा आहे. त्या मर्यादेमुळेच ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीने शहराचा निरोप घेतला.

नूतनीकरण आता पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. मोटारीसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तर २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. गाडी १३-१४ वर्षांची असेल, तर आजच्या दुरुस्तीबरोबरच या खर्चाचाही विचार करावा. तपासणीत ती टिकणार नसेल, तर हातातले मोठे काम एक-दोन वर्षांपुरतेच ठरेल.

विम्याची बाजूही पाहावी. अपघातात प्लास्टिक व रबराच्या भागांवर सर्वसाधारण पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो आणि दहा वर्षांवरील गाडीत धातूच्या भागांवरही तेवढाच. दुरुस्तीचा खर्च विमा उतरविलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते.

गाडी द्यायची ठरली, तर

बदलायचे म्हणजे नवीच घ्यायची असे नाही. चार-पाच वर्षांच्या वापरलेल्या गाडीची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि सुरक्षिततेची वर सांगितलेली बरीचशी साधने तिच्यात मिळू शकतात. नवीच घ्यायची असेल, तर छोट्या मोटारींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला आहे, हे हिशेबात धरावे.

गाडी भंगारात द्यायची असेल, तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होण्याची आणि खासगी वाहनाला मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्ष सवलत राज्य सरकार ठरविते. गल्लीतल्या भंगारवाल्याला गाडी दिली, तर हे प्रमाणपत्रही मिळत नाही आणि नोंदणी मालकाच्याच नावावर राहते.

विक्री करताना नावबदलाचे अर्ज स्वतः पाठपुरावा करून पूर्ण करावेत. नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ मात्र गाडीचा नसून मालकाचा असतो. तो नव्या गाडीच्या विम्यासाठी वापरता येतो, त्यामुळे विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्यावे.

होकार देण्यापूर्वी

- सर्व कामांची लेखी यादी घ्यावी आणि दुसऱ्या गॅरेजमधूनही अंदाजपत्रक मागवावे.
- यादीचे तीन भाग करावेत : ब्रेक, स्टिअरिंग, टायर व सस्पेन्शन ही जिवाशी संबंधित कामे, गाडी चालण्यासाठी लागणारी कामे, केवळ दिसण्याची कामे. पहिली टाळू नयेत, तिसरी विसरून जावीत.
- सध्याचे पेट्रोल २० टक्के इथेनॉलमिश्रित असल्याने जुन्या गाडीतील इंधनाचे रबरी पाइप व सील तपासून घ्यावेत.
- गेल्या दोन वर्षांची बिले काढून त्यांची बेरीज करावी. स्मरणशक्ती या बाबतीत नेहमीच मालकाच्या बाजूने झुकते.

सांगाडा धड असेल, इंजिन निरोगी असेल आणि नोंदणीची काही वर्षे शिल्लक असतील, तर ४५ हजारांचे बिल निमूटपणे भरून टाकणे हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर गाडीशी जडलेल्या आठवणी कितीही गोड असल्या, तरी निरोपाची वेळ झाली आहे असे समजावे.