विज्ञानाच्या मासिक बैठकीची कुळकथा

महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, गावातील एखाद्या उपाहारगृहात शास्त्रज्ञाने येऊन आपल्या विषयाचे निरूपण थोडक्यात करावे आणि उरलेला सारा वेळ शास्त्राची पदवी नसलेल्या नागरिकांच्या प्रश्नांना द्यावा, हा जो प्रघात आज जगातील अनेक शहरांत रुजला आहे, त्याचे प्रचलित स्वरूप १९९८ साली इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील लीड्स शहरी सिद्ध झाले. त्याचा प्रवर्तक डंकन डॅलस हा रसायनशास्त्र शिकलेला, परंतु दूरचित्रवाणीसाठी विज्ञानविषयक कार्यक्रमांची निर्मिती करणारा गृहस्थ होता. पॅरिसमध्ये बास्तीय चौकातील ‘काफे दे फार’ या उपाहारगृहात मार्क सोते नामक तत्त्वचिंतकाने १९९२ पासून रविवारी सकाळी सर्वांस मुक्तद्वार अशा तत्त्वचर्चा चालविल्या होत्या. १९९८ साली सोते निवर्तला तेव्हा त्याचा मृत्युलेख डॅलसच्या वाचनात आला, आणि जे तत्त्वज्ञानाला साधले ते विज्ञानाला का साधू नये, या विचाराने त्याने आपल्या शहरात ‘काफे सियांतिफिक’ आरंभिले. एक पेला कॉफीच्या किंवा मद्याच्या किमतीत कोणीही यावे आणि आपले जीवन पालटून टाकणाऱ्या वैज्ञानिक कल्पनांची चर्चा करावी, एवढाच त्याच्या निमंत्रणाचा आशय होता.

परंतु या बैठकीचे कूळ याहून पुष्कळ जुने आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या कॉफीखान्यांत एक पेनी मोजणाऱ्या कोणालाही बाकावर जागा मिळे, आणि तेथे सरदार, दलाल, खलाशी व शास्त्राभ्यासी एकाच मेजाभोवती बसून बोलत. सरकारविषयी खोट्या वार्ता येथूनच पसरतात, असा ठपका ठेवून दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ च्या डिसेंबरात हे कॉफीखाने बंद करण्याचा जाहीरनामा काढला. पण लोकक्षोभ एवढा झाला की अंमल सुरू होण्यापूर्वीच, पुढच्या जानेवारीत, तो हुकूम मागे घ्यावा लागला. अशाच एका कॉफीखान्यात, ‘मरीन’ नावाच्या, १६९८ पासून जॉन हॅरिस हा धर्मोपदेशक गणितावर सार्वजनिक व्याख्याने देऊ लागला. आजच्या बैठकीचे उघडे दार हे त्या कॉफीखान्यांचे देणे आहे.

महिन्याचा नेम मात्र दुसऱ्या घराण्यातून आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅम येथे मॅथ्यू बोल्टन, जेम्स वॉट, इरॅस्मस डार्विन, जोसाया वेजवुड प्रभृती मंडळी पौर्णिमेच्या लगतच्या दिवशी एकत्र जमत, कारण रात्री घरी परतताना रस्त्यावर चांदण्याशिवाय दुसरा उजेड नसे. त्यांच्या मंडळाला ‘लूनर सोसायटी’ हे नाव पडले ते त्यामुळेच. लीड्समध्ये धर्मोपदेशक असताना बिअर बनविण्याच्या कारखान्यातील वायूवर प्रयोग करून पाण्यात तो वायू मिसळण्याची कृती शोधणारा जोसेफ प्रीस्टली १७८० साली या मंडळात आला. मंडळ विद्वान होते, पण खाजगी होते. नगरातील सामान्य माणसाला तेथे प्रवेश नव्हता.

सामान्य श्रोत्याच्या अंगी केवढे सामर्थ्य असू शकते, याचा पुरावा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने दिला. १८१२ साली पुस्तकबांधणीचे काम शिकणाऱ्या मायकेल फॅरेडे या लोहाराच्या मुलाला, दुकानी येणाऱ्या एका गृहस्थाने तेथील रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. त्याने टिपणे काढून, त्यांचे पुस्तक बांधून डेव्हीकडे पाठविले, आणि दुसऱ्याच वर्षी तो तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाला. पुढे त्याच संस्थेत शुक्रवारच्या सायंव्याख्यानांची आणि मुलांसाठी नाताळातील व्याख्यानांची परंपरा सुरू झाली, ती फॅरेडेच्याच काळात. तथापि तेथे वक्ता उच्चासनावर आणि श्रोता समोर, हे अंतर कायम राहिले.

ते अंतर असह्य होण्यास विसाव्या शतकाच्या अखेरीचा एक प्रसंग कारण झाला. गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही वर्षानुवर्षे दिल्यानंतर, गुरांच्या मेंदूरोगाचा माणसांच्या एका नव्या प्राणघातक व्याधीशी संबंध असण्याचा संभव आहे, असे ब्रिटिश सरकारला १९९६ च्या मार्चात जाहीर करावे लागले, आणि तज्ज्ञांच्या शब्दावरील जनतेचा विश्वास ढळला. लोकांना केवळ माहिती पुरविणे पुरेसे नाही, त्यांच्याशी संवाद केला पाहिजे, असा निष्कर्ष उमरावसभेच्या समितीने २००० साली काढला. लीड्सची रीत मात्र तोवर सुरू झाली होती. तेथे वक्ता पडदा वा चित्रे यांचा आधार न घेता सुमारे वीस मिनिटे बोलतो. मग पेले पुन्हा भरून घेण्यासाठी मध्यंतर होते, आणि त्या अवकाशात शेजाऱ्याशी बोलताबोलता संकोची मनुष्याचाही प्रश्न आकार घेतो. त्यानंतर तासभर किंवा अधिक वेळ प्रश्नोत्तरे चालतात.

आपल्याकडेही या वंशाची एक शाखा आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली, आणि तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभांतून देशी भाषांत निबंध वाचले जाऊ लागले. त्याच शहरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ पासून ‘चाय अँड व्हाय’ हा उपक्रम जुहूच्या पृथ्वी थिएटरात चालविला, आणि तेथे कॉफीची जागा चहाने घेतली.

या वंशावळीतून जे शिकायचे ते असे की, दार उघडे असणे, नेम असणे आणि वक्ता अधिकारी असणे या तिन्ही गोष्टी पूर्वजांपाशी होत्या. त्या एकत्र आणून प्रश्नकर्त्याला सभेचा मोठा हिस्सा बहाल करणे, हेच या नव्या रीतीचे खरे कर्तृत्व होय. महाराष्ट्रात व्याख्यानमालांची परंपरा समृद्ध आहे, परंतु अध्यक्षीय समारोप व आभारप्रदर्शन यांच्यामध्ये प्रश्नांना पाच-दहा मिनिटे मिळाली तर मिळतात. ज्या वाचनालयाला किंवा नगरमंडळाला अशी मासिक बैठक भरवावयाची असेल, त्याने वक्त्याला निमंत्रण देतानाच त्याच्या भाषणाची मुदत ठरवून घ्यावी आणि श्रोत्यांच्या हक्काचा तास कोणत्याही सबबीवर कमी करू नये.