शिक्का आणि मोर्तब

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायला थोडी लाज वाटत होती. आता ती गोष्ट जुनी झाली आहे, आणि नातेवाइकांपैकी निम्म्यांना ठाऊकही आहे, तेव्हा सांगून टाकतो.

2018 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीचा दाखला देण्याचा महिना. आपण अजून आहोत हे दरवर्षी सरकारला लेखी कळवावं लागतं. एक दिवस मेल आली की तुमच्या दाखल्यात त्रुटी आहे, सोबतची फाईल उघडा. मी उघडली. त्यात काहीच दिसलं नाही, कोरी खिडकी आली आणि गेली. मी कॉम्प्युटर जुना झाला असं म्हणून चहा प्यायला उठलो.

पंधरा दिवसांनी पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, तुमची तब्येत कशी आहे?" म्हटलं, उत्तम, सकाळीच कृष्णेच्या घाटावर जाऊन आलो. पलीकडे एकदम शांतता. मग तो म्हणाला, "मग आईनं वीस हजार कुणाला पाठवले?"

आमची ताई साताऱ्याला असते, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला माझ्या पत्त्यावरून मेल गेली होती की मी दवाखान्यात आहे, डॉक्टरांच्या खात्यावर पैसे पाठव, घरी कुणाला बोलू नकोस. ती बिचारी बँकेत गेली, रांगेत उभी राहिली आणि पैसे भरून आली. मला फोन केला नाही, कारण पत्रात तसं बजावलं होतं. मी नंतर चिडून विचारलं, "ताई, अगं, तुला संशय कसा आला नाही?" तर म्हणाली, "अरे, सुरुवात तुझीच होती. शेवटही तुझाच, 'बाकी क्षेम' असं. मधलं जरा वेडंवाकडं होतं, पण मला वाटलं ताप असेल."

हे माझ्या मनात फार दिवस राहिलं. डोकं माझं, पाय माझे, आणि मधलं धड दुसऱ्याचं! ज्यानं कुणी हे केलं त्यानं माझी जुनी पत्रं वाचली होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलानं नंतर दाखवलं की त्या कोऱ्या फाईलीबरोबर एक छोटा प्रोग्रॅम आत शिरला होता. मी कीबोर्डवर जे जे बडवीत होतो ते तो टिपून बाहेर धाडत होता, पासवर्डसकट. पासवर्ड होता 'अजिंक्यतारा' आणि पुढे माझं जन्मसाल. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला आणि किल्ल्याची किल्ली स्वतःच दारात टांगून ठेवली.

आता इतिहासाकडे वळतो, कारण ताईचं ते बोलणं ऐकून मला सगळ्यात आधी आठवले ते आमच्या साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज. सातारकरांना राजवाडा माहीत असतो, जलमंदिर माहीत असतं, पण महाराजांचं राज्य कशापायी गेलं हे विचारलं तर फार थोडे सांगतील. ते गेलं कागदांपायी. लढाई झाली नाही, तोफ उडाली नाही.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि 1819 मध्ये तह केला. तहात एक अट होती की कंपनीला कळवल्याशिवाय बाहेरच्या कुणाशी पत्रव्यवहार करायचा नाही. पुढे जहागिरींच्या हक्कावरून मुंबई सरकारशी बिनसलं, आणि 1836 पासून महाराजांवर आरोप सुरू झाले. कंपनीच्या पलटणीतले देशी अंमलदार फितवले, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रं चालवली, असे तीन मुख्य आरोप. पुरावा काय, तर पत्रं आणि त्यांवरचे शिक्के.

इथे जुन्या पत्राची रीत सांगितली पाहिजे. जुन्या मराठी राजपत्रावर वरच्या बाजूला शिक्का असे आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब. मोर्तब हाही शिक्काच, पण लहान, आणि त्याचं काम फार शहाणपणाचं. त्याच्या खाली कुणी एक ओळ जरी वाढवली तरी ती खोटी ठरे. कागद लांब असला की बंद एकमेकांना चिकटवत, आणि त्या जोडावरही शिक्का उठवत, म्हणजे मधला एक बंद काढून दुसरा घुसवता येऊ नये. आजचे कॉम्प्युटरवाले ज्याला डिजिटल सही म्हणतात तिचं काम यापेक्षा फारसं वेगळं नाही. पाठवणारा तोच आणि मजकूर तोच, एवढंच तिला सांगायचं असतं. माझ्या मेलला वर शिक्का होता, खाली 'बाकी क्षेम' हे मोर्तब होतं. जोडावर काही नव्हतं.

पण शिक्काच दुसऱ्याच्या हाती गेला, किंवा त्याची नक्कल झाली, तर? साताऱ्याच्या प्रकरणात वाद झाला तो यावरच. महाराजांची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की पत्रं बनावट आणि शिक्केही बनावट. 1837 मध्ये कर्नल ओव्हन्स रेसिडेंट म्हणून आला, आणि त्यानं पैसे मोजून कागद मिळवले. विकणाऱ्याला कागदाची किंमत येते म्हटल्यावर कागद तयार व्हायला किती वेळ लागतो! बाळाजीपंत नातूंचं नाव या कारस्थानात घेतलं जातं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी प्रतापसिंह आणि रंगो बापूजींवर मोठं पुस्तक लिहिलं आहे, त्यात त्यांनी नातूंना मुळीच सोडलेलं नाही. प्रबोधनकारांची लेखणी तापट, तेव्हा वाचणाऱ्यानं थोडं निवू द्यावं. पण कागदांची हकीकत त्यांच्या एकट्याची नाही, ती लंडनमध्ये कंपनीच्या भागधारकांपुढे चर्चेला आली होती.

त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. गोविंदराव दिवाण हे महाराजांचे कारभारी पलटण फितवल्याच्या आरोपावरून अहमदनगरला कैदेत होते. त्यांच्या आईच्या नावानं सरकारकडे एक अर्ज गेला. मुलाचा दोष नाही, त्यानं जे केलं ते महाराजांच्या सांगण्यावरून, असा त्याचा आशय. आई मुलासाठी रडते आहे म्हटल्यावर कोण शंका घेणार? सरकारनं तो कागद महाराजांविरुद्ध धरला. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसानं सांगितलं की तो अर्ज मीच लिहिला, आणि वर तक्रार केली की ठरलेलं बक्षीस मला मिळालं नाही! आईच्या तोंडी घातलेले शब्द तुरुंगातल्या मुलाच्या धन्यावर शाबीत झाले. माझ्या ताईकडे गेलेली मेल आणि हा अर्ज यांत मला तरी फरक दिसत नाही. दोन्हींत धरला तो मायेचाच धागा.

1839 च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. महाराजांपुढे एक कागद ठेवला. तहाचा भंग झाला अशा अर्थाच्या मजकुराखाली सही करा, मागचं सगळं माफ, गादी तुमची. महाराजांनी सही केली नाही. न केलेल्या गोष्टीखाली माझं नाव घालणार नाही, राज्य गेलं तरी चालेल, असा त्यांचा पवित्रा होता. 5 सप्टेंबर 1839 ला त्यांना पदच्युत केलं, भाऊ शहाजींना गादीवर बसवलं आणि महाराजांची रवानगी काशीला झाली. तिथेच 1847 मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी शहाजीही गेले आणि डलहौसीनं वारस नामंजूर करून सातारा खालसा केलं.

वर्गात हे शिकवताना मी 'बाणेदार' वगैरे शब्द वापरून पुढे जात असे, कारण पोर्शन संपवायचा असायचा. स्वतःच्या नावानं खोटं पत्र गेल्यावरच मला त्या सहीचा अर्थ लागला. खोट्या कागदावरचे शिक्के त्यांच्या हातात नव्हते. हातात उरली होती ती एकच खरी सही, आणि ती त्यांनी दिली नाही.

आणि रंगो बापूजी! हा माणूस महाराजांची कैफियत घेऊन विलायतेला गेला आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथे राहिला. गुलामगिरीविरुद्ध बोलणारा प्रसिद्ध वक्ता जॉर्ज थॉम्प्सन त्यांच्या बाजूनं उभा राहिला. पूर्वी साताऱ्याला रेसिडेंट असलेला लॉडविकही महाराजांच्या बाजूनं बोलू लागला. उपयोग झाला नाही. महाराज वारले, राज्य गेलं, तरी रंगोबा भांडत होते. 1853 च्या सुमारास परतले, आणि 1857 च्या उठावात साताऱ्याच्या गेंडामाळावर 17 जणांना देहदंड झाला त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगोबा स्वतः निसटले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. बनावट पत्र लिहायला एक रात्र पुरते, पण ते खोटं ठरवायला चौदा वर्षंही पुरली नाहीत.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर फेब्रुवारी 2021 मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं दिलेली बातमी आठवा. पुण्याच्या एल्गार परिषद प्रकरणात 2018 मध्ये अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेनं तपासली. तिचा निष्कर्ष असा की 2016 मध्ये आलेल्या एका मेलची फाईल उघडल्यावर 'नेटवायर' नावाचा हेर-प्रोग्रॅम आत शिरला, सुमारे 22 महिने कुणीतरी तो लॅपटॉप दुरून हाताळत होतं, आणि पुराव्यातली पत्रं मालकाच्या नकळत एका लपवलेल्या फोल्डरात ठेवली गेली. तपास यंत्रणेनं हे मान्य केलं नाही, निवाडा न्यायालयाचा. मला त्यातलं राजकारण कळत नाही आणि त्यावर इथे वाद नको. मी अडकलो तो एका गोष्टीवर. हेर आला की वाचून जातो अशी आपली समजूत. तो लिहूनही जाऊ शकतो. आणि हे नेटवायर उघड विकलं जात होतं, कुणीही पैसे भरून घ्यावं असं. 2023 च्या मार्चमध्ये अमेरिकन आणि क्रोएशियन पोलिसांनी त्याची वेबसाईट बंद पाडली.

जुन्या मराठीत पत्र पोचवणाऱ्याला जासूद म्हणत, आणि हेरालाही जासूदच. एकाच शब्दात दोन्ही अर्थ ठेवणारे आपले पूर्वज भाबडे नव्हते.

आमच्या आजोळी, वाळवे तालुक्यात, ही सावधगिरी लहानपणी ऐकली होती. तेव्हा वाळवे तालुका सातारा जिल्ह्यातच होता, आणि 1943 ते 46 या काळात तिथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. आमचा थोरला मामा निरोप पोचवायचा. आजी सांगायची, त्याला चिठ्ठी कधी दिलीच नाही. निरोप तोंडी, आणि ओळखीला एक खूण ठरलेली. खूण सांगता आली नाही तर दारातल्या माणसाला भाकरी मिळे, पण माहिती मिळत नसे.

पैसे परत आले नाहीत, तक्रारीची पोच तेवढी फाईलला आहे. (आता तर 1930 हा फोन नंबर आहे. असं काही झालं तर आधी तिथे सांगा, लाजत बसू नका. माझे चार दिवस लाजण्यात गेले.) कॉम्प्युटर त्या मुलानं पुसून नवा करून दिला. पासवर्डातून किल्ले गेले, आणि मेल उघडताना फोनवर आकडे येतात ते टाकावे लागतात. याचा मला कंटाळा येतो, पण टाकतो. हयातीचा दाखला मी स्वतः बँकेत जाऊन देतो.

ताईनं मात्र यापेक्षा मोठा बंदोबस्त केला. आजोळी एक गाय होती, तिचं नाव आता जगात आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. पैशाचा किंवा आजारपणाचा विषय निघाला की ती आधी तेच विचारते. मागच्या महिन्यात मला खरोखरच ताप होता आणि नाव पटकन आठवेना. तिनं फोन ठेवून दिला, आणि दहा मिनिटांत भाच्याचा फोन आला की मामा, तुमच्या नंबरवरून आईला कुणीतरी बोलत होतं.