नेपाळमधील नदीजलाचा वापर : कुलोपासून करारापर्यंत

नेपाळच्या नद्यांची चर्चा बहुधा ८३,००० मेगावॉट या आकड्यापासून सुरू होते. हरिमान श्रेष्ठ यांनी १९६६ साली सोव्हिएत संघात सादर केलेल्या प्रबंधात मांडलेला जलविद्युत क्षमतेचा हा अंदाज सर्वस्वी सैद्धांतिक होता. पुढे तो पाठ्यपुस्तकांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत असा काही रुजला, की नदी म्हणजे वीज हे समीकरणच दृढ झाले. इतिहासाच्या दृष्टीने मात्र याहून जुने दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात : पाण्यावर हक्क कोणाचा, आणि बांध वाहून गेल्यास तो पुन्हा घालण्याची जबाबदारी कोणाची?

कोशी, गंडकी, कर्णाली व महाकाली या नेपाळच्या चार प्रमुख नद्या. त्या खोल दऱ्यांतून वाहतात आणि शेते मात्र उंच उतारांवर असतात. परिणामी, महानदीच्या काठी राहणारा पहाडी शेतकरी तिच्या पाण्याला वंचितच राहिला. तारेवरच्या ‘तुइन’ने ती ओलांडावी, माझी व बोटे या जमातींनी तीत मासेमारी करावी, काली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम शोधावेत, काठी अंत्यसंस्कार करावेत, एवढाच तिचा उपयोग होता. भातशेतीला पाणी मिळाले ते लहान ओढ्यांचे, म्हणजे ‘खोला’चे. या ओढ्यांतून काढलेला पाट म्हणजे ‘कुलो’ आणि त्यावर फिरणारी पाणचक्की म्हणजे ‘घट्ट’.

कुलोची व्यवस्था प्रामुख्याने गावकऱ्यांच्याच हाती होती. सतराव्या शतकात गोरख्याचा राजा राम शाह याने पाटाच्या पाण्याचे तंटे स्थानिक पातळीवरच मिटवावेत असा दंडक घातला. १८५४ च्या मुलुकी ऐनने पाण्यासंबंधीच्या प्रचलित रूढींना लिखित कायद्याचे रूप दिले. या परंपरेतील मुख्य तत्त्व असे, की जुन्या पाटाचे पाणी तोडून नवा पाट काढता येत नाही.

रुपन्देही जिल्ह्यातील छत्तीस मौजा कुलो हे या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास थारू शेतकऱ्यांनी बुटवलजवळ तिनाऊ नदीतून हा पाट काढला. प्रारंभीची ३६ गावे पुढे पन्नासहून अधिक झाली आणि सुमारे ३,५०० हेक्टर जमीन भिजू लागली. दगड व झाडाझुडपांचा बांध पावसाळ्यात वाहून जाई. मग प्रत्येक गावाने आपल्या पाण्याच्या वाट्याच्या प्रमाणात माणसे पाठवून तो पुन्हा घालावयाचा. न येणाऱ्यास दंड. पाण्याचा हक्क आणि डागडुजीचे कर्तव्य येथे एकाच मापाने मोजले जात. ही व्यवस्था समतेची होती असे नव्हे, कारण ज्याला जमीन नाही त्याला पाण्याचा वाटाही नसे. तथापि हक्क व कर्तव्य यांची तीत फारकत नव्हती.

राज्यसंस्था नदीकडे वळली ती विसाव्या शतकात. चंद्र शमशेर यांच्या कारकिर्दीत १९११ साली फर्पिङ येथे ५०० किलोवॉटचे वीजकेंद्र सुरू झाले; त्याचा प्रकाश मुख्यतः राणांच्या महालांपुरताच पडला. १९२० मध्ये महाकालीवरील शारदा बंधाऱ्यासाठी नेपाळने ब्रिटिश हिंदुस्थानला सुमारे ४,००० एकर जमीन देऊन तेवढीच अन्यत्र घेतली. यानंतर कोशी (१९५४) व गंडक (१९५९) हे करार झाले. नेपाळमधील टीकेमुळे दोहोंतही दुरुस्त्या झाल्या. १९६६ च्या दुरुस्तीने कोशी प्रकल्पाची जमीन १९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आली आणि वरच्या भागात पाणी वापरण्याचा नेपाळचा हक्क मान्य झाला.

कोशीचा बंधारा नेपाळच्या भूमीवर उभा आहे. त्याचे संचालन व तटबंधांची देखभाल मात्र भारतीय बाजूकडे राहिली. १८ ऑगस्ट २००८ रोजी कुसहा येथे पूर्वेकडील तटबंध फुटला. बंधाऱ्याची क्षमता साडेनऊ लाख क्युसेक्स असताना त्या दिवशीचा प्रवाह दीड लाखाच्या आसपासच होता. त्यामुळे केवळ अतिवृष्टीला दोष देता येत नाही. सुनसरी जिल्ह्यातील हजारो लोक विस्थापित झाले आणि बिहारमध्ये तीस लाखांहून अधिक लोकांना झळ पोहोचली. तटबंधालगत राहणाऱ्या गावकऱ्यांचा देखभालीच्या निर्णयात अधिकार नव्हता. तिनाऊच्या काठी हे घडणे कठीण होते.

करारांविषयीचा संशय पुढे थेट संविधानात उमटला. १९९० च्या संविधानातील कलम १२६ नुसार नैसर्गिक साधनसंपत्तीच्या वाटपाविषयीच्या व्यापक स्वरूपाच्या करारांना संसदेत दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक झाले. टनकपूरसंबंधी १९९१ मध्ये झालेली समजूत म्हणजे करारच होय, असा निर्वाळा नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. १९९६ चा महाकाली करार आवश्यक बहुमताने संमत झाला, तरी त्याचा गाभा असलेले पंचेश्वर धरण अद्याप उभे राहिलेले नाही. ८३,००० मेगावॉटचे स्वप्न पाहणाऱ्या या देशात २००८-०९ च्या हिवाळ्यात दिवसाकाठी सोळा-सोळा तास वीज नसे, ही विसंगती येथे नोंदविली पाहिजे.

१९९५ मध्ये जागतिक बँकेने अरुण-३ प्रकल्पातून अंग काढून घेतल्यावर मध्यम आकाराच्या, नदीच्या वाहत्या प्रवाहावरील प्रकल्पांना चालना मिळाली. प्रामुख्याने देशांतर्गत भांडवलातून साकारलेला अप्पर तामाकोशी (४५६ मेगावॉट) २०२१ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी नेपाळने भारताच्या वीजबाजारात विक्री आरंभिली. परंतु हे बहुतेक प्रकल्प साठवणीविना चालतात. वर्षातील सुमारे ऐंशी टक्के पाऊस चार महिन्यांतच पडत असल्याने हिवाळ्यात नद्या आटतात, वीजनिर्मिती घटते, आणि पावसाळ्यात वीज विकणाऱ्या नेपाळला त्या दिवसांत ती भारताकडून विकत घ्यावी लागते.