लिटन रोड ते कोपर्निकस मार्ग : पायी वाचायची दिल्ली

दिल्लीत कामाला आलेला मराठी माणूस कोपर्निकस मार्गावर कधी ना कधी पोचतोच, कारण जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. पण तो पोचतो टॅक्सीने किंवा रिक्षाने, आणि निघतोही तसाच. आज आपण हा रस्ता चालणार आहोत आणि पुढे सायकल काढणार आहोत. माझा अनुभव असा, की परक्या शहराचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी रस्त्यांच्या पाट्या वाचाव्यात, आणि गाडीच्या काचेतून पाट्या वाचता येत नाहीत.

मंडी हाउस मेट्रो स्थानकाबाहेर आलात की चौकातून दक्षिणेकडे, इंडिया गेटच्या दिशेने हा मार्ग निघतो. जेमतेम एक किलोमीटरचा. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह, साहित्य अकादमीचे रवींद्र भवन हे सगळे याच परिसरात. हिवाळ्यात रविवारी सकाळी चाला, वाहने कमी असतात.

पाटीवरचा कोपर्निकस हा पोलंडचा खगोलशास्त्रज्ञ. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही, ती सूर्याभोवती फिरते, हे त्याने १५४३ साली छापलेल्या ग्रंथात मांडले. त्याचा दिल्लीशी संबंध काहीच नाही. इंग्रजी अमलात या रस्त्याचे नाव होते लिटन रोड. आणि लिटनचा संबंध मात्र थेट आपल्या दख्खनशी आहे.

लॉर्ड लिटन १८७६ ते १८८० हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. १ जानेवारी १८७७ रोजी त्याने दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' जाहीर केले. त्याच वेळी सोलापूर, विजापूर, नगर, सातारा, पुणे या भागांत भीषण दुष्काळ होता. इकडे माणसे अन्नावाचून मरत होती आणि तिकडे दरबाराची रोषणाई चालली होती. पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला.

त्या दरबारात पुण्याचा एक वकील हजर होता : गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे ते आधारस्तंभ. १८७२ मध्ये त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले होते. रत्ने आणि जरीने झगमगणाऱ्या त्या गर्दीत ते हातमागाच्या साध्या पांढऱ्या खादीत गेले. सभेच्या वतीने त्यांनी मागणी मांडली, की राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे, तोच हिंदी प्रजेलाही मिळावा. काँग्रेसची स्थापना व्हायला तेव्हा अजून आठ वर्षे होती. दोनच वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणारेही हेच काका.

चालत चालत आपण इंडिया गेटच्या वर्तुळाशी आलो. उजव्या अंगाला फरीदकोट हाउस आणि त्याला लागून बडोदा हाउस. हे घर सयाजीराव गायकवाडांसाठी ल्यूटेन्सने आखले, आता तिथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववून, पाठ फिरवून निघालेले ते हेच सयाजीराव. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तेव्हा केवढा गहजब केला होता!

डाव्या अंगाला पटियाला हाउस, तिथे आता न्यायालये भरतात. ते ओलांडले की पुढची पाटी येते : टिळक मार्ग. हा पूर्वीचा हार्डिंग अव्हेन्यू. दिल्लीला राजधानी हलवल्याची घोषणा झाली तेव्हा हार्डिंग व्हाइसरॉय होता आणि लोकमान्य राजद्रोहाच्या शिक्षेत मंडालेच्या तुरुंगात होते. ज्या रस्त्याला हार्डिंगचे नाव होते, त्याला आज त्याच्याच अमलातल्या कैद्याचे नाव आहे, आणि देशाचे सर्वोच्च न्यायालयही त्याच रस्त्यावर आहे.

इथून सायकल घ्या. दर्यागंज, लाल किल्ला, काश्मिरी गेट, सिव्हिल लाइन्स, किंग्जवे कॅम्प असे उत्तरेला सुमारे पंधरा किलोमीटर गेलात की कॉरोनेशन पार्क लागते. १८७७, १९०३ आणि १९११ हे तिन्ही दरबार इथलेच. इंडिया गेटजवळच्या छत्रीतून १९६८ साली हटवलेला पंचम जॉर्जचा पुतळा आता इथे उभा आहे, सोबतीला काही व्हाइसरॉय. १९११ च्या दरबाराचा स्मारकस्तंभही आहे. अंतर सायकलनेच कापावे असे मी म्हणतो, कारण राज्यकर्त्यांचे शहर आणि त्यांनी पुतळे नेऊन ठेवलेला कोपरा यांच्यामध्ये केवढी वस्ती पसरली आहे, हे पायडल मारतानाच कळते.

आता मुद्द्यावर येतो. लिटनचे नाव काढले याचे दुःख करायचे कारण नाही. प्रश्न दुसराच आहे. लिटन रोड हे नाव होते तोवर एखादे पोर तरी विचारू शकत होते, की हा लिटन कोण आणि त्याने काय केले? उत्तर देताना दुष्काळ आला असता, छपाईचा कायदा आला असता, आणि खादीतले सार्वजनिक काकाही आले असते. टिळक मार्गावर जाब विचारणाऱ्याचे नाव लागले, म्हणून ती गोष्ट टिकली. कोपर्निकस मार्गावर जुने नाव गेले आणि त्याच्याबरोबर जाब विचारणाऱ्याची गोष्टही रस्त्यावरून गेली.

पाटी बदलणे आपल्या हातात नाही, बदलावी असे माझे म्हणणेही नाही. कोपर्निकस मोठाच माणूस. पण महाराष्ट्र सदनात उतरलात तर सकाळी अर्धा तास काढा. सोबत मुले असतील तर त्यांना घ्या, आणि मंडी हाउसकडून इंडिया गेटकडे चालताना त्यांना सांगा, की या रस्त्याचे नाव आधी काय होते आणि त्या नावाच्या माणसापुढे पुण्याचा एक वकील काय मागायला उभा राहिला होता.