आकलित समाश्रयण गुणांक आणि संगणकीय आज्ञावली

एका राशीचा दुसरीशी असलेला संबंध उपलब्ध नोंदींवरून सूत्रबद्ध करण्याच्या सांख्यिकी पद्धतीस समाश्रयण अथवा रिग्रेशन म्हणतात. या सूत्रातील गुणांक मर्यादित नोंदींवरून काढलेले अंदाज असतात. म्हणून त्यांना ‘आकलित गुणांक’ अशी संज्ञा आहे. आज्ञावलीत ते वापरताना त्यांचे परिमाण, अचूकता आणि अनिश्चितता यांचे भान ठेवावे लागते.

अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. थंडीमुळे अग्निबाणाच्या सांध्यातील ‘ओ-रिंग’ ही रबरी कडी निकामी ठरली होती. त्यापूर्वीच्या २३ उड्डाणांच्या नोंदी सांख्यिकीच्या अध्यापनात आजही वापरल्या जातात. त्यांपैकी ७ उड्डाणांत या कड्यांना इजा झाली होती. ‘आर’ या प्रणालीतील ‘जीएलएम’ फलनाने या नोंदींचे लॉजिस्टिक समाश्रयण केल्यास स्थिरपद १५.०४२९ आणि तापमानाचा गुणांक उणे ०.२३२२ मिळतो. तापमान फॅरनहाइटमध्ये असते.

७५ अंशांसाठी सूत्राचे उत्तर उणे २.३७ येते. ही संभाव्यता नव्हे. इजा होण्याच्या व न होण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा तो लॉगॅरिदम आहे. त्याचे रूपांतर केल्यावर संभाव्यता सुमारे ८.५ टक्के ठरते. ‘प्रेडिक्ट’ हे फलनही विशेष सूचना नसल्यास लॉगॅरिदमच परत करते. संभाव्यता हवी असल्यास ‘रिस्पॉन्स’ हा पर्याय द्यावा लागतो.

पडद्यावरील आकडे हाताने उतरवून घेणे ही दुसरी चूक. गुणांक १५ आणि उणे ०.२ असे ढोबळ लिहिले, तर त्याच ७५ अंशांना संभाव्यता ५० टक्के येते. म्हणून गुणांक ‘कोएफ’ फलनाद्वारे थेट घ्यावेत. त्यामुळे संगणकातील पूर्ण अचूकता टिकते. त्याच तापमानाचा सेल्सिअसमधील आकडा, म्हणजे सुमारे २४, सूत्रात घातल्यास उत्तर जवळजवळ १०० टक्के निघते आणि संगणक कोणतीही तक्रार करीत नाही.

तापमानाच्या गुणांकाची प्रमाण त्रुटी ०.१०८२ आहे. त्यावरून ९५ टक्के विश्वासाची कक्षा ढोबळमानाने उणे ०.४४ ते उणे ०.०२ अशी विस्तृत ठरते. थंडीबरोबर धोका वाढतो, हा निष्कर्ष टिकतो. तो किती वेगाने वाढतो, हे मात्र पुरेसे निश्चित होत नाही.

या नोंदींतील नीचांकी तापमान ५३ अंश आहे. अपघाताच्या विश्लेषणात गृहीत धरले जाणारे ३१ अंश सूत्रात घातल्यास ९९.९६ टक्के असे उत्तर मिळते. ते नोंदींच्या कक्षेबाहेरचे असल्याने दशांशस्थळांवरून त्याची विश्वासार्हता ठरवता येत नाही. आज्ञावलीत गुणांकांसोबत मूळ नोंदींची कक्षा, परिमाण आणि प्रमाण त्रुटीही नोंदवून ठेवल्यास असे उत्तर वापरण्यापूर्वी तपासता येते.