अस्सल, नक्कल आणि लेखनाधिकार

नोंद एका ठिकाणी लिहावयाची आणि तिच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवावयाच्या, ही कारभाराची जुनी रीत होय. प्रती परस्परांशी जुळेनाशा झाल्या म्हणजे दोष लेखनिकाच्या हातचुकीस देण्याकडे कल असतो. परंतु पुष्कळदा दोष अन्यत्र असतो : मध्यंतरी लिहिण्याचा अधिकार बदललेला असतो आणि त्या बदलाची वार्ता मजकुराबरोबर पोचलेली नसते.

मराठेशाहीतील इनामाच्या सनदांच्या अखेरीस दोन आज्ञा वारंवार आढळतात. अधिकाऱ्याने पत्राची प्रत लिहून घ्यावी व अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदारास परत द्यावे, ही पहिली; दरसाल नव्या सनदेचा आग्रह धरू नये, ही दुसरी. दुसरीस निव्वळ सांकेतिक शब्दयोजना समजणे योग्य नव्हे. कमाविसदार बदलला तरी पूर्वीच्या नोंदीचे बळ टिकावे, अशी ती तरतूद होती. ‘नक्कल’ या शब्दाचे अरबी मूळही ‘एका जागेहून दुसरीकडे नेणे’ असे आहे. प्रश्न एवढाच, की नेताना मजकुराखेरीज आणखी काय न्यावयाचे?

कामोठे गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे गाव कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातले. 1981 साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार फेरफाराची नोंद तलाठ्याने करावयाची आणि ती प्रमाणित वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याने करावयाची, अशी अधिकारांची वाटणी आहे. 1970 साली सिडकोची स्थापना झाली. पुढे नवी मुंबईसाठी जमिनी संपादित होऊन भूखंड भाडेपट्ट्याने दिले गेले, व त्यांच्या हस्तांतरास सिडकोची संमती आवश्यक ठरली. 2016 साली कामोठे पनवेल महानगरपालिकेत आले आणि करआकारणीचे दफ्तर तिच्याकडे आले. जमीन तीच, लिहिणारे हात मात्र वेगवेगळे. अशा ठिकाणी दोन नोंदी विसंगत दिसल्यास केवळ मजकूर ताडून भागत नाही; त्या तारखेस लिहिण्याचा अधिकार कोणाचा होता, हेही पाहावे लागते.

दफ्तर संगणकात गेले तरी हा पेच सुटत नाही. मायएसक्यूएल या प्रणालीत मूळ सर्व्हरवरील बदलांची रोजनिशी प्रतिकृती-सर्व्हरकडे जाते व तेथे तेच बदल क्रमाने पुन्हा केले जातात. वापरकर्त्यांचे अधिकारही तक्त्यांतच नोंदलेले असतात. हे तक्ते प्रतिकृतीतून वगळल्यास मुळाकडे काढून घेतलेला अधिकार प्रतीवर तसाच राहू शकतो. उलट, प्रतीवर कोणी एखादे खाते आधीच हाताने निर्माण केले असेल, तर तेच खाते निर्माण करण्याची आज्ञा मुळाकडून येताच ती फसते आणि पुढील सर्व नोंदी खोळंबतात. 2019 मधील 8.0.18 या आवृत्तीपासून प्रतीवर बदल लागू करणाऱ्या खात्याचे अधिकार मर्यादित ठेवता येतात. त्यातील आवश्यक अधिकार काढून घेतल्यास निर्दोष मजकूरही उंबरठ्यावर अडतो.

दोन्ही ठिकाणी बोध एकच. अधिकारातील बदल हाही नोंदीचाच भाग होय. तो मजकुराच्याच वाटेने आणि त्याच क्रमाने प्रत्येक प्रतीपर्यंत गेला पाहिजे. सनद लिहिणाऱ्या कारकुनांनी हे एका वाक्यात साधले होते. जुन्या दफ्तराच्या अभ्यासकानेही दोन प्रतींतील पाठभेदास चूक म्हणण्यापूर्वी त्या दोन तारखांमध्ये अधिकारी बदलला होता काय, हे प्रथम शोधणे अगत्याचे आहे.